काजळ, कोळसा आणि ‘नॅनो’



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक गृहस्थ आले होते. पऱ्हाटीचा कोळसा दळून घरीच ‘नॅनो कार्बन’ करायचा, त्याला किलोमागे हजारो रुपये मिळतात, यंत्रासाठी प्रत्येकीने पाच हजार भरायचे, असं त्यांचं म्हणणं. दोघीतिघी तर गटातून कर्ज उचलायला निघाल्या होत्या. आम्ही पंधरा दिवस मागून घेतले आणि आधी हा विषय समजून घेतला. तेच आज सांगतो.

काजळ आपण सगळ्यांनी धरलं आहे. एरंडेलाचा दिवा अन् ज्योतीवर पितळेची ताटली. ताटली उंच धरली तर तेल जवळजवळ पूर्ण जळतं, फारसं काही हाती येत नाही. ज्योतीला टेकवली की ज्योत थंडावते, हवा कमी पडते आणि न जळलेला कार्बन काळा होऊन चिकटतो. त्या काजळीचा सुटा कण १०० नॅनोमीटरहूनही लहान असतो. आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड! म्हणजे नॅनो कण आपल्या आज्याही करत होत्या. फक्त ते लहानमोठे, वेडेवाकडे, हवे तसे घडवलेले नव्हेत.

पऱ्हाटीचंही तसंच. धुऱ्यावर उघडी पेटवली तर राख, झाकणाच्या ड्रममध्ये हवा तोडून जाळली तर कोळसा. उष्णता किती, हवा किती आणि सोबतीला काय, यावर कार्बन कोणत्या रूपात मिळेल ते ठरतं.

२०१३ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाचा वाळका पाला घेतला. हो, आपण झाडून टाकतो तोच. हवेचा शिरकाव नसलेल्या भट्टीत तो सुमारे १००० अंशांवर तापवला. एरवी कोळशाला अतिसूक्ष्म छिद्रं पाडायला वेगळी तीव्र रसायनं लागतात. इथे पाल्यातल्याच कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या क्षारांनी ते काम केलं. एका ग्रॅममधल्या छिद्रांचा आतला पृष्ठभाग भरला १२३० चौरस मीटर. सातबाऱ्याच्या भाषेत बारा आर जमीन, चिमूटभर कोळशात! एवढ्या जागेवर विजेचा भार साठतो, म्हणून वीज झटकन साठवून झटकन देणाऱ्या उपकरणासाठी तो कोळसा वापरून पाहिला.

मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी तर देवापुढचा कापूर घेतला. अशा पद्धतीत कापराची वाफ तापलेल्या नळीतून, लोखंडासारख्या धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर सोडतात. त्या कणांवर कार्बनच्या पोकळ नळ्या उगवतात. धातूचा कण बारीक तर नळी बारीक, कण मोठा तर नळी जाड. शेवेच्या साच्याची चकती बदलावी तसं.

आता त्या गृहस्थांचं यंत्र. ती होती साधी दळायची चक्की. कोळसा दळून भुकटी होते, पण ही छिद्रं किंवा नळ्या दळून होत नाहीत. त्या भट्टीतच घडतात. घडल्या की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. शिवाय ती बारीक धूळ छातीत जाणार आपल्याच.

पऱ्हाटीचा साधा कोळसा मात्र आपल्याला जमण्यासारखा आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करून २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळवला. ड्रममध्ये पाचट कोळसवायचं, भुकटीत खळ मिसळायची आणि कांड्या पाडून वाळवायच्या. हे काम उघड्यावरच करा बरं का. कोंडलेल्या जागी कोळशाचा विषारी वायू साचतो, त्याला वासही नसतो.

आमच्या गटाने जुना ड्रम आणला आहे, पऱ्हाटी उपटली की पहिली भट्टी लावू. त्या गृहस्थांना आम्ही एवढंच विचारलं, की तुमचा माल कोणत्या प्रयोगशाळेत तपासला, तो अहवाल आणि घेणाऱ्याचं पत्र दाखवा. त्यांचा फोन अजून आलेला नाही.