गोधडीला धावदोरा की गाठी?

जुन्नरच्या आणे पठारावर काय नि एकूण महाराष्ट्रात काय, जुन्या लुगड्यांच्या गोधडीला धावदोराच घालतात, काठापासून चौकोनी फेऱ्या घेत मध्यापर्यंत. अमेरिकेत मात्र जाड दुलई बऱ्याचदा ठिकठिकाणी लोकरीच्या गाठी मारून पक्की करतात. ती पद्धत मुळीच कमअस्सल नाही. आपल्या कापसाच्या गादीलाही असाच आरपार टाका घालून गाठ देतात. प्रश्न आत काय आहे याचा आहे. जाड कापूस दाट शिवणीने दबतो, त्यातली हवा जाते नि ऊब घटते; तिथे गाठच योग्य. गोधडीत विरलेल्या कापडाचे थर असतात. भिजल्यावर ते जड होतात, पिळताना सगळा ताण गाठीपाशी येतो आणि कापड तिथेच फाटतं. धावदोरा तोच ताण असंख्य टाक्यांवर वाटून देतो.

धावदोऱ्याला दिवसच्या दिवस लागतात, हा आक्षेप खराच. घाई असेल तर वर-खाली धडसं कापड लावा आणि खुशाल गाठी मारा, पण दर चार बोटांवर, जाड सुती दोऱ्याने: सुई खाली, जरा बाजूने वर, उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने वळवलं तर गाठ सरकते. टोकं बोटाच्या पेराएवढी ठेवा.