परदेशी इग्वाना, धुऱ्यावरची घोरपड

इग्वानाला मराठीत स्वतःचे नाव नाही. कॅरिबियन बेटांवरील टायनो लोकांच्या भाषेतला हा शब्द स्पॅनिशमार्गे जगभर गेला आणि अलीकडे पाळीव प्राण्यांच्या बाजारातून आपल्याकडे पोचला. घोरपडीचे तसे नाही. एका नामवंत मराठा घराण्याचे आडनाव तिच्यावरून पडल्याची आख्यायिका आहे, आणि कोंढाण्याच्या कड्यावर दोर नेणारी यशवंती तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. अभ्यासक या गोष्टीला दंतकथाच मानतात. पण चिवटपणे धरून ठेवणे म्हणजे घोरपड, हे समीकरण आपल्या बोलण्यात पक्के बसले आहे.

दोन्ही प्राणी सरड्यांच्या मोठ्या गणातले. दोघांचेही भवितव्य आज माणसाच्या वागण्यावर अवलंबून आहे, आणि दोघांच्याही बाबतीत आपण बहुधा एकच गोष्ट विसरतो: या प्राण्याला त्याच्या जागेपासून वेगळे करता येत नाही.

उसनी ऊब

सरीसृपांना आपण ‘शीतरक्ताचे’ म्हणतो, पण उन्हात बसलेल्या घोरपडीचे रक्त थंड नसते. खरा फरक असा, की आपले शरीर अन्न जाळून स्वतःची ऊब स्वतः तयार करते, तर सरीसृप ती बाहेरून घेतात. सकाळी दगडावर ऊन खायचे, दुपारी बिळात शिरायचे, संध्याकाळी तापलेल्या मातीला पोट लावून पडायचे, हा त्यांचा दिनक्रम आळसातून आलेला नाही. अन्न पचवणे, पळणे, रोगाशी झगडणे, अंडी तयार करणे ही सारी कामे शरीराला योग्य तापमान मिळाले तरच होतात. या काटकसरीचा फायदाही मोठा आहे. ऊब निर्माण करण्यात अन्न खर्च होत नसल्याने सरीसृप फार थोड्यावर जगू शकतात. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण कोणाची तरी कुवत दाखवण्यासाठी वापरतो. जीवशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर त्या कुंपणात ऊन, सावली, बीळ आणि किडे असे सारे असेल, तर सरड्याला पुढे धावण्याची गरजच नसते.

म्हणून सरीसृप पाळायचा म्हणजे एक हवामान पाळायचे.

बुलढाण्यात मेक्सिकोचे जंगल

हिरवा इग्वाना मेक्सिकोपासून ब्राझील-पॅराग्वेपर्यंतच्या दमट वनांतला, बहुतेक आयुष्य नदीकाठच्या झाडांवर काढणारा. आता बुलढाणा जिल्हा पाहा. अजिंठ्याच्या रांगेने त्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा भाजल्यासारखी कोरडी होते. घाटावर बुलढाणा, चिखलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हुडहुडी भरवतात. इग्वानाला ऊन खायच्या जागी सुमारे ३५ अंश, इतरत्र २८ ते ३० अंश, रात्रीही २२-२३ अंशांच्या खाली न जाणारे तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. म्हणजे हिवाळ्यात रात्रभर ऊब, उन्हाळ्यात गारवा आणि ओलावा, आणि वीज गेली तर पर्यायी सोय, हे सगळे वर्षाचे बारा महिने सांभाळावे लागते.

दुसरी गरज प्रकाशाची. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटातील किरण त्वचेवर पडले की शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या मदतीने अन्नातले कॅल्शियम शोषले जाते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे काचेच्या पेटीत, काचेआडच्या उजेडात ठेवलेला इग्वाना उन्हात असल्यासारखा दिसतो आणि आतून पोखरत जातो. हाडे मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, अंग थरथरते. पाळीव इग्वानांमध्ये हा आजार अगदी नेहमीचा. या किरणांचे खास दिवे मिळतात. परंतु दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागतात.

तिसरी गरज आहाराची. इग्वाना पूर्ण शाकाहारी. पाला आंबवून पचवणारे जंतू त्याच्या मोठ्या आतड्यात असतात, आणि त्यांनाही ऊब लागते. अंडी, मांस किंवा किडे वारंवार दिले तर युरिक आम्ल वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला, भोपळा हे चालते. पालक मात्र क्वचितच द्यावा, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते.

हाताच्या बोटाएवढ्या लांबीच्या अंगाचे हिरवेगार पिल्लू घरात येते तेव्हा या गोष्टी कोणी सांगत नाही. तीनेक वर्षांत ते शेपटीसह दीड मीटरच्या पुढे जाऊ शकते. वयात आलेला नर विणीच्या काळात मालकावरही धावून जातो. शेपटीचा फटका आणि दातांची करवत दोन्ही जोरकस असतात. नीट सांभाळला तर तो पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू पसरू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवणे आवश्यक. शिवाय सरीसृपांची जाण असलेला पशुवैद्य जिल्ह्याच्या ठिकाणी सहज सापडत नाही. हा शोध प्राणी आणण्याआधी घ्यायचा असतो.

सोडून देणे म्हणजे सुटका नव्हे

हौस फिटली की ‘निसर्गात सोडून देऊ’ हा विचार पुष्कळांना पुण्याचा वाटतो. अमेरिकेतील फ्लोरिडात १९६० च्या दशकापासून इग्वाना मोकळे दिसू लागले. आज ते तेथे बागा फस्त करतात, कालव्यांचे काठ बिळांनी पोखरतात, आणि थंडीची लाट आली की बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात. २०२१ मध्ये त्या राज्याने इग्वानाला प्रतिबंधित प्राण्यांच्या यादीत घातले. पोर्तो रिको आणि तैवानही याच संकटाला तोंड देत आहेत. आपल्याकडे याचा धडा लाल कानाच्या कासवाने दिला आहे. काचेच्या भांड्यातले रुपयाएवढे पिल्लू ताटाएवढे झाले की मालक ते जवळच्या तळ्यात नेऊन सोडतात. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत हे कासव आहे.

कायदाही आता स्पष्ट आहे. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘सायटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात इग्वाना येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा विदेशी प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे आणि जन्म, मृत्यू व हस्तांतरही कळवायचे आहे. कागद नसलेला प्राणी विकत घेणे म्हणजे तस्करीच्या साखळीची शेवटची कडी होणे.

आणि घोरपड?

इग्वाना नोंदणी करून पाळता येतो, मग घोरपड का नाही, असा प्रश्न विचारला जातो. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तिला पकडणे, बाळगणे, मारणे, तिचे मांस किंवा तेल विकणे हा किमान तीन आणि कमाल सात वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. दंड किमान २५ हजार रुपये. सायटीसच्या पहिल्या परिशिष्टातही तिचे नाव आहे.

एवढे संरक्षण देण्याची वेळ आपणच आणली. सांधेदुखीवर तेल, ताकदीसाठी मांस, कातड्याच्या वस्तू आणि दक्षिणेतील कंजिऱ्यासारखी वाद्ये, अशा अनेक कारणांनी ती मारली गेली. सर्वांत विचित्र प्रकार ‘हत्था जोडी’चा. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मिळ वनस्पतीचे मूळ म्हणून, लक्ष्मी घरात नांदावी यासाठी विकली जाते. २०१७ मध्ये तपास यंत्रणा आणि संशोधकांनी उघड केले, की तो नर घोरपडीचा सुकवलेला जननावयव आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताटात असे काही ठेवणाऱ्या भाविकाला आपण काय पुजतो आहोत, याची कल्पनाही नसते.

शिकारीइतकाच दुसरा धोका जागेचा आहे. बोथ्याच्या घाटाभोवतीचे ज्ञानगंगा अभयारण्य, सातपुड्याच्या पायथ्याचे अंबाबरवा आणि लोणारच्या विवरातील झाडी ही घोरपडीला साजेशी राखलेली वने. परंतु ती केवळ वनातला प्राणी नाही. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरची बाभूळ-बोर, दगडांचा ढीग, जुनी पोकळ झाडे आणि वारूळ हे तिचे घर. भुंगेरे, विंचू, खेकडे, उंदरांची पिल्ले, अंडी, मेलेले जनावर असे सारे खाऊन ती शेताची झाडलोट करते. तिला सापासारखे विषदंत नाहीत. कोंडीत पकडल्यास ती फुत्कारते, शेपटी मारते, चावतेही. वाट मिळाली तर निघून जाते.

वारुळाचे महत्त्व विशेष आहे. वाळवीने बांधलेल्या या मातीच्या ढिगात आतली ऊब आणि ओल बरीचशी स्थिर राहते. घोरपड पावसाळ्यात जमिनीत, अनेकदा वारुळात, साधारण वीस अंडी घालते आणि ती फुटायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे खरीप निघतो, रब्बी उभी राहते, तोवर पुढची पिढी धुऱ्याच्या पोटात असते. इग्वानाचा मालक दिवे, तापमापक आणि पाण्याचे फवारे लावून जे साधू पाहतो, ते काम वारूळ फुकट करते. हातभर जमिनीसाठी धुरा कोरला, जेसीबीने वारूळ सपाट केले, पालापाचोळा पेटवला, तर हे उबवणीघर जाते. त्याच्या बदल्यात घोरपडीला कुठलाही पिंजरा देता येणार नाही.

ज्याच्याकडे इग्वाना आहे, त्याने नोंदणी करावी, दिवे आणि पाला यांत काटकसर करू नये, आणि सांभाळणे अशक्य झाल्यास प्राणी मोकळा न सोडता वनविभागाला कळवावे. ज्याच्या गोठ्यात किंवा घरात घोरपड शिरली, त्याने कुत्री बांधावीत, मुलांना दूर ठेवावे, दार उघडे ठेवून तिला वाट द्यावी. अडचण वाटल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, पण चार एकर शेत आहे, त्याने एक धुरा आणि त्यावरचे एक वारूळ तसेच राहू द्यावे. सरीसृप जपण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.