'सी' म्हणजे काय?

मंडळी, आज आपण लोट्यात बसलो आहोत, तेव्हा उदाहरणंही इथलीच घेऊ. इथल्या औद्योगिक वसाहतीत सीईटीपी आहे. त्यातला 'सी' म्हणजे कॉमन: अनेक कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणारं सामाईक केंद्र. पाणी तपासलं की अहवालात येतो सीओडी. इथे 'सी' म्हणजे केमिकल. पाण्यातल्या, मुख्यतः सेंद्रिय, घाणीचं रसायनांनी ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागतो, त्याचं हे माप. प्रक्रिया करून सोडलेल्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला 250 मिलिग्रॅम. आकडा मोठा, तितकी घाण जास्त.

आता दवाखान्यात जाऊ. रक्ताच्या सीबीसीत 'सी' म्हणजे कम्प्लीट. धाप लागणाऱ्या माणसाच्या कागदावर असतं सीओपीडी. तिथे 'सी' म्हणजे क्रॉनिक, जुनाट. सीओडी आणि सीओपीडी, कानाला जवळजवळ सारखेच! पण पहिल्यातला 'ओ' ऑक्सिजनचा, दुसऱ्यातला ऑब्स्ट्रक्टिव्हचा, म्हणजे श्वासनलिकांमधल्या अडथळ्याचा. एक पाण्याचं माप, दुसरा फुप्फुसांचा आजार.

नैयायिक म्हणतात, शब्दाचा अर्थ संकेताने कळतो. आद्याक्षरांत तो संकेत जाणकारांपुरताच राहतो. आणि ज्याचं पाणी, ज्याची छाती, तोच बाहेर उभा. म्हणून अहवाल हाती आला की आपण लाजायचं नाही. विचारायचं, "यातला 'सी' म्हणजे काय हो?" उत्तर पूर्ण शब्दांत मिळालं, तरच पुढचा प्रश्न सुचतो: आकडा किती आहे, आणि किती असायला हवा?