नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन वाक्प्रचारांत केवळ वचनाचा फरक आहे. पण पहिला पाळण्यापाशी उच्चारला जातो आणि दुसरा माणसाच्या पाठीमागे. नामकरण आणि निंदा यांना ज्या भाषेने एकाच क्रियापदाच्या दावणीला बांधले, तिच्या वाचकाला नावांविषयीच्या अकारण नावडीची चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. एखाद्या माणसाला भेटण्यापूर्वी, त्याचा गुण-दोष कळण्यापूर्वी, केवळ नाव कानी पडताच मन अडखळते. का, असे विचारले तर उत्तर मिळते, 'आवडत नाही, एवढेच.' हे 'एवढेच' वस्तुतः पुष्कळ मोठे आहे. कादंबरीकार पात्राचे नाव दोनदा-तीनदा खोडून नवे लिहितो तेव्हा तो याच 'एवढेच'शी झटत असतो.

शास्त्रदृष्ट्या पाहिले तर व्यक्तिनामाविषयी आवड-नावड संभवूच नये. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार मानले: जातिवाचक, गुणवाचक, क्रियावाचक आणि यदृच्छाशब्द. व्यक्तिनाम हे या चौथ्या कोटीत पडते. देणाऱ्याच्या इच्छेवाचून त्याला दुसरा आधार नाही. पुढे मम्मटादी आलंकारिकांनी हीच विभागणी स्वीकारली आणि उदाहरणादाखल 'डित्थ' हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वापरले. त्या नावाला ना अर्थ, ना इतिहास. म्हणूनच ते शास्त्राच्या उपयोगी पडले. परंतु ज्या महाभाष्यात ही विभागणी आहे, त्याच्याच आरंभी, पस्पशाह्निकात, व्याकरणाची प्रयोजने सांगताना मुलाचे नाव कसे असावे याचे नियमही उद्‌धृत केलेले आहेत. आरंभी घोषवर्ण असावा, मध्ये अंतःस्थ असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत, ते तीन पिढ्यांतल्या पूर्वजांना धरून असावे आणि शत्रूच्या घरात रुळलेले नसावे. शेवटची अट मार्मिक आहे. नाव यादृच्छिक आहे हे मान्य करणारी परंपराच शत्रूचे नाव मुलाला देऊ नये असे म्हणते. नावाला अर्थ नसेल, पण त्याला वास लागतो, हे तिने ओळखले होते.

मनुस्मृतीत या वासाचा कायदा झाला. तिसऱ्या अध्यायात कोणत्या नावाची कन्या वरू नये याची यादी आहे: नक्षत्राचे, वृक्षाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे, सर्पाचे, अंत्यजाचे, दासाचे आणि भय वाटावे असे नाव असलेली. या निषेधाचे कारण मूळ श्लोकात दिलेले नाही; ही शुद्ध नावडच आहे. आणि लोकांनी ती किती मानली? रोहिणी, रेवती, चित्रा, स्वाती, अश्विनी ही नक्षत्रे आणि गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, कावेरी या नद्या भारतभर घरोघर नांदत आहेत. मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावरही नदीच उभी आहे. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मधली यमुना आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू या दोघींना मनूच्या नियमाप्रमाणे वर मिळता ना. तेव्हा नियम करून नावड टिकत नाही, हे उघड आहे. त्याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातले विधान मात्र असे हवेत विरले नाही: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलयुक्त, वैश्याचे धनयुक्त आणि शूद्राचे जुगुप्सित असावे. त्याचा परिणाम पुढे पाहावयाचा आहे.

पाश्चात्त्य साहित्यातला सर्वांत थोर नामद्वेष्टा लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रॅम शँडी' (१७५९–१७६७) मध्ये भेटतो. वॉल्टर शँडी या गृहस्थाचे मत असे की, चांगली-वाईट नावे माणसाच्या चारित्र्यावर आणि वर्तनावर अनिवार परिणाम करतात. काही नावे त्याला तटस्थ वाटतात, काही उणे राशीसारखी शून्याहूनही हलकी. आणि 'ट्रिस्ट्रॅम' या नावाचा तर त्याला असा तिटकारा की त्याने त्यावर एक प्रबंधच लिहिलेला असतो. मुलाला 'ट्रिस्मेजिस्टस' हे भारदस्त नाव द्यावे म्हणून तो दासीला धाडतो. तिच्या तोंडी त्या नावाचा आरंभच तेवढा शिल्लक राहतो आणि पाद्री बाळाचे नाव 'ट्रिस्ट्रॅम' ठेवून मोकळा होतो. स्टर्न या माणसाला हसतो, हे खरे. पण त्याचा विनोद वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. वॉल्टर विद्वान आहे, तर्कपटू आहे, आणि त्याची सारी विद्वत्ता एका अकारण नावडीला कारणे पुरविण्यात खर्ची पडते. नामद्वेषाचे मानसशास्त्र याहून नेमके क्वचितच मांडले गेले असेल: नावड आधी येते, कारण मागाहून शोधले जाते.

ही कारणे बहुधा दोन प्रकारची सांगितली जातात. नाव कानाला कठोर लागते, हे पहिले. त्या नावाचा कोणी वाईट माणूस आठवतो, हे दुसरे.

ध्वनीच्या बाजूने काही पुरावा आहे. व्होल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये एक टोकदार आणि एक गोलसर आकृती समोर ठेवून दोन निरर्थक शब्दांपैकी कोणता कोणाला शोभेल असे विचारले; 'टाकेटे' हा शब्द लोकांनी टोकदार आकृतीला दिला. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर आणि तमिळ भाषकांवर असेच प्रयोग केले, तेव्हा बहुतेकांचा कौल एकच पडला. म्हणजे निरर्थक ध्वनीलाही आकार असतो. पण आकार म्हणजे मोल नव्हे. मराठीत बंडू, गुंडू, पांडू, खंडू, धोंडू यांतल्या 'ंडू'ला विनोदी मानण्याची रीत आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याच्या पोह्यां'त बंडूनाना आणि पांडूतात्या आहेत, चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या जोडीला गुंड्याभाऊ आहे. आता हेच वर्ण 'पांडुरंग' या नावात आले की हात जुळतात आणि 'खंडेराव' म्हटले की भंडारा उधळला जातो. कान तोच, अनुनासिक तोच, डकार तोच. १९७५ साली 'पांडू हवालदार' हा चित्रपट आल्यानंतर मुंबईत पोलीस शिपायाला 'पांडू' म्हणून हिणविण्याची चाल पडली, तीही पंढरीच्या वारीत पांडुरंगाचे नाव घेणाऱ्या समाजातच. तेव्हा ध्वनी हा नावडीचा साक्षीदार असेल, कर्ता नव्हे.

साहचर्याचा पक्ष अधिक बळकट वाटतो, पण त्यालाही एक विलक्षण अपवाद मराठी इतिहासात आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातील 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, ही आख्यायिका 'ध चा मा' या रूपाने भाषेत कायमची रुतून बसली. एखादे नाव कलंकित व्हावयास याहून अधिक काय हवे? तथापि त्यानंतर शंभरएक वर्षांनी गोपाळराव जोशी यांनी आपल्या नववधूचे माहेरचे 'यमुना' हे नाव बदलून 'आनंदी' ठेवले. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी त्या याच. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांचेही नाव आनंदीबाई झाले. दोन नद्यांची नावे गेली आणि दोन्ही ठिकाणी तेच नाव आले, ज्याच्यावर रक्ताचा डाग असल्याचे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. (विवाहात मुलीचे नाव पुसले जाणे यात तिच्या आवडी-नावडीला कोणी विचारले नव्हते, हेही येथे ध्यानात राहावे.) एका दुष्ट व्यक्तीच्या स्मृतीने नाव मरत नाही. मग ते कशाने मरते?

या प्रश्नाचे उत्तर 'धोंडो' या नावापाशी सापडण्यासारखे आहे. मुले जगत नसली की नव्या बाळाला धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू अशी टाकाऊ नावे देण्याची चाल भारतात दूरवर आहे. बंगालमध्ये आई मूल सुइणीला तीन किंवा पाच कवड्यांना विकल्याचे नाटक करी आणि त्याचे नाव 'तीनकडी' किंवा 'पाँचकडी' पडे. प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) मध्ये होरीचा तरुण मुलगा 'गोबर' हे नाव घेऊन वावरतो. मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून आईने प्रेमाने केलेला हा अपमान होय. या नावांत नावड आहे ती देखाव्यापुरती. तिच्या पोटात पराकाष्ठेचे ममत्व आहे. पण अशीच नावे दुसऱ्या वाटेनेही येतात. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली म्हणून ज्यांची नावे 'नकोशी' वा 'नकुसा' ठेवली गेली होती, अशा २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. तेथे देखावा नव्हता. नाव खरोखरच त्या अर्थाने ठेवलेले होते.

धोंडा आणि दगड यांचा अर्थ एकच. धोंडो केशव कर्वे १९५८ साली 'भारतरत्न' झाले आणि 'धोंडो' या नावामागे 'महर्षी' हे विशेषण इतके सहज लागले की त्या नावात दगड आहे याची कोणाला आठवणही होत नाही. दगडू मारुती पवार या नावाच्या माणसाच्या वाट्याला ही विस्मृती आली नाही. 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची चौकटच मुळी दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन नावांमधल्या संवादाची आहे. शिकलेला, लिहिता झालेला 'दया' हा 'दगडू'ला समोर बसवून त्याची कहाणी ऐकतो. येथे नावाची नावड हे लेखकाचे लहरी वैशिष्ट्य राहत नाही. 'जुगुप्सित' या एका शब्दाने जो आदेश स्मृतीने दिला होता, तो महारवाड्यातल्या बारशापर्यंत कसा येऊन पोहोचला, याचा तो जबाब आहे. ध्वनी दोन्हीकडे सारखाच ओबडधोबड, अर्थही एकच. फरक पडला तो कोणत्या वस्तीत, कोणाच्या तोंडून, कोणत्या प्रत्ययाने हाक मारली गेली यामुळे. 'धोंडो'चे 'धोंडोपंत' होते, 'दगडू'चे 'दगड्या' होते.

मराठीतले हे प्रत्यय म्हणजे नावडीचे खरे व्याकरण होय. -पंत, -राव, -जी यांनी नाव ओसरीवर बसते. -या लागला की अंगणाबाहेर उभे राहते. समवयस्क मित्रांत हाच -या जिव्हाळ्याचा असतो, म्हणून त्याला सरसकट तुच्छतादर्शक म्हणता येत नाही. हाक वरून खाली येते की सपाटीवर, यावर सारे अवलंबून आहे. प्रत्यक्ष रामाचे नावही यातून सुटले नाही. मुंबईच्या पांढरपेशा घरांत कामाच्या गड्याला, त्याचे खरे नाव काहीही असो, 'रामा' म्हणत. आणि 'रामा गडी' हे नाटकातले ठरीव पात्र झाले. मुलाचे नाव 'रामचंद्र' ठेवणारी तीच घरे 'रामा' हे नाव मात्र ठेवीनात. त्यांना कारण विचारले असते तर त्यांनीही 'आवडत नाही, एवढेच' असे म्हटले असते.

ललित लेखकाला ही भांडवली ठेव आयती मिळते, आणि ती वापरण्याचा मोह टाळणे अवघड असते. नायिका सुशीला, सरला किंवा रागिणी आणि मोलकरीण सखू किंवा गंगू, एवढे लिहिले की अर्धे स्वभावचित्रण वाचकाच्या पूर्वग्रहाकडून फुकट करून घेता येते. कोल्हटकर आणि जोशी यांनी हसू आणणारी नावे निदान आपल्याच वर्गातल्या माणसांना दिली. त्यांच्या अनेक अनुकरणकर्त्यांना तेवढा विवेक राहिला नाही. प्रेमचंदांनी मात्र 'गोबर' हे नाव कादंबरीभर गंभीरपणे वागविले. पहिल्या काही पानांनंतर वाचक त्याला हसेनासा होतो, आणि नावाचा वास केवळ सहवासाने कसा जातो याचा तो प्रयोगच ठरतो.

भाषांतरात या साऱ्याचे काय होते, हा प्रश्न अखिल भारतीय वाङ्मयाच्या दृष्टीने विशेष अडचणीचा आहे. नाव भाषांतरित होत नाही, म्हणून नावडही पलीकडे जात नाही. 'सुमन' हे मराठीत स्त्रीचे, बंगालीत बहुधा पुरुषाचे. येथे घोटाळा लिंगाचा होतो आणि तो एका तळटीपेने निस्तरता येतो. 'बलुतं' २०१५ मध्ये इंग्रजीत गेले. तेथे 'दगडू' हे इंग्रजी वाचकाच्या कानाला इतर कोणत्याही भारतीय नावासारखेच, कदाचित गोडही, वाटण्याचा संभव आहे. मूळ लेखकाला जे नाव आयुष्यभर बोचले, ते परभाषेत शास्त्रातल्या 'डित्थ'सारखे निरंजन होऊन बसते. भाषांतरकार टीप देऊन अर्थ सांगू शकतो, दगड म्हणजे काय हे कळवू शकतो. शाळेत हजेरी घेताना ते नाव पुकारले गेल्यावर वर्गात काय होत असे, ते टिपेत मावत नाही.