मालमोटारीचा थांबा आणि चालकाचा वेळ

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठी माणसाला ते परिचित असावयास हवे ते तेथील छत्रामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दुसऱ्या सरफोजी राजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ हे छत्र बांधले. रामेश्वराच्या वाटेवरील पांथस्थाला तेथे अन्न आणि विसावा मिळे. प्रवास म्हणजे केवळ चालणे नव्हे, विसावा हाही प्रवासाचाच भाग आहे, ही जाण त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

आज त्याच रस्त्याने भाताची पोती लादलेल्या मालमोटारी धावतात. कल्लणै कालव्याच्या पाण्यावर हा प्रदेश भात पिकवितो, आणि सुगीच्या दिवसांत खरेदी केंद्रांपासून गोदामांपर्यंत मालमोटारींची रीघ लागते. भाताचा ओलावा तपासणे, वजन करणे, पोती चढविणे व उतरविणे या साऱ्यांत तासांमागून तास जातात. मोटार उभी असताना चालक कामावर असतो की विश्रांतीवर? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण रात्रीच्या रस्त्यावरील अनेकांचे प्राण त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

एक उदाहरण घेऊ. चालक सकाळी ६ वाजता निघाला आणि ७ वाजता केंद्रावर पोहोचला. १० वाजेपर्यंत माल चढला. त्याने पोती मोजून घेतली, ताडपत्री घातली, दोर आवळले. ११ वाजता तो गोदामाशी आला. तेथे रांग होती. दर थोड्या वेळाने मोटार पुढे घ्यावी लागे. दुपारी ४ वाजता पाळी आली व सायंकाळी ६ वाजता मोटार रिकामी झाली. नोंदवहीत मात्र लिहिले गेले : ‘वाहन चालविले २ तास, बाकी विश्रांती.’ वहीवर विश्वास ठेवणारा मालक त्याला त्याच रात्री चेन्नईची खेप सांगेल, आणि वहीप्रमाणे त्यात काहीच वावगे दिसणार नाही.

कायद्याची दृष्टी वेगळी आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने कामाचा वेळ म्हणजे कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो वेळ, अशी व्याख्या केली. माल चढविणे व उतरविणे, वाहनाची देखभाल, हिशेब व सह्या यांना त्याने ‘अनुषंगिक काम’ म्हटले आणि ते कामाच्या तासांत धरले. त्या अधिनियमाने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ही सामान्य मर्यादा घातली. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तासांची विश्रांती आवश्यक केली. विसाव्यासह दिवसाचा एकूण पसारा १२ तासांपलीकडे जाऊ नये, असेही सांगितले. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अनुषंगिक कामाला कामाच्या तासांत धरण्याचे तत्त्व तिनेही कायम ठेवले आहे.

आता वरील दिवसाचा हिशेब १९६१ च्या मापाने मांडून पाहावा. चालविण्याचे २, चढाईचे ३ व उतराईचे २ असे ७ तास निर्विवाद कामाचे आहेत. वाद राहतो तो रांगेतील ५ तासांचा. अंतिम ठिकाणी केवळ हजर राहण्याचा पंधरा मिनिटांहून कमी काळ कामात धरावा, असे शब्द कायद्यात आहेत. त्यांचा आधार घेऊन दीर्घ प्रतीक्षेला सरसकट विश्रांती म्हणण्याचा मोह होतो. परंतु रांगेत मोटार पुढे सरकविणारा माणूस नुसता हजर नसतो, तो कामच करीत असतो. ते तास धरले तर दिवस १२ तासांचा होतो. ते वगळले, तरी दिवसाचा पसारा ६ वाजता संपतोच, आणि पहाटे ३ पूर्वी त्याला पुन्हा कामावर बोलाविता येत नाही.

म्हणून नोंद करताना कसोटी एकच लावावी : हा वेळ कोणाचा? हमाल पोती वाहत आहेत, पण चालकाला वाहनापाशी थांबणे भाग आहे, तर वेळ मालकाचा. मोटार दुसऱ्याच्या हवाली करून, अमुक वाजेपर्यंत तू मोकळा आहेस असे त्याला सांगितले, आणि तो जेवावयास वा झोपावयास जाऊ शकला, तर वेळ त्याचा, तीच विश्रांती. युरोपातील वाहनांवरील नोंदयंत्रात चालविणे, इतर काम, तत्पर राहणे व विश्रांती यांना चार वेगळी चिन्हे आहेत. अमेरिकेचे नियमही माल चढत असता वाहनापाशी राहण्याचा वेळ कामाचाच मानतात.

साध्या वहीतही हे साधते. प्रत्येक बदलाची वेळ त्या त्या क्षणी लिहावी. दिवसअखेर आठवून लिहू नये. पोहोचण्याची, चढाई सुरू होण्याची, ती संपण्याची आणि मोकळीक मिळाल्याची अशा चार वेळा लिहिल्या तरी पुष्कळ झाले. अशी वही चालकाला मोबदला मिळवून देते, आणि गोदामाच्या दाराशी कोणाचे किती तास वाया जातात हे मालकालाही दाखविते.

चाके थांबली म्हणून डोळ्यांचा शीण जात नाही. वहीत लिहिलेली खोटी विश्रांती कागदावर खपून जाते. पण रात्री दोन वाजता, सरळ रस्त्यावर, शरीर आपला खरा हिशेब मागते.