गिलानाची वेदना आणि पाचवे शील

कर्करोगासारख्या दुर्धर व्याधीने अंथरुणास खिळलेल्या उपासकाला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, की घरात एक निराळाच प्रश्न उभा राहतो. मॉर्फिन अफूपासून तयार होते, अफू मादक आहे, आणि आपण तर पंचशील ग्रहण केलेले. मग अखेरच्या दिवसांत पाचवे शील मोडावयाचे काय? हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुधा त्याच वेळी कोणीतरी कण्हत असते. म्हणून पाली वाङ्मयाच्या आधारे त्याचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ज्या उपचारपद्धतीत हे औषध प्रामुख्याने दिले जाते तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आपण तिला उपशामक शुश्रूषा म्हणू. रोग हटत नसला तरी रोग्याची वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांचा परिहार करणे, हे तिचे काम. परिचारिका, सामाजिक कार्यकर्ती आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून तिला आधुनिक रूप आले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन, १९९३ मध्ये केरळात कोझिकोडे येथे वेदनाशमनाचे केंद्र आणि १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे केंद्र सुरू झाले. ही शुश्रूषा केवळ मरणासन्नांसाठी आहे असा समज आहे, तो बरोबर नाही. गंभीर रोगाचे निदान होताच, मूळ उपचारांच्या जोडीनेच ती सुरू करावी, असे आता मानले जाते.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे गिलान, म्हणजे रोगी, सांगितले आहेत. एक, योग्य आहार, औषध आणि शुश्रूषा मिळो वा न मिळो, बरा होणार नाही. दुसरा, ती मिळो वा न मिळो, बरा होईल. तिसरा, ती मिळाली तरच बरा होईल. तिसऱ्याच्या निमित्ताने औषधोपचाराची अनुज्ञा दिली आहे, हे तर सरळच. परंतु भगवंत तेथे थांबत नाहीत. त्याच्याच निमित्ताने उरलेल्या दोघांचीही शुश्रूषा करावी, असे ते सांगतात. हे रोगी तेथे उपमेदाखल आले आहेत, वैद्यकाचा नियम म्हणून नाहीत, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि उपमा नेहमी श्रोत्यांना मान्य असलेल्या गोष्टीचीच दिली जाते. जो बरा होणार नाही त्यालाही औषध आणि उपट्ठाक मिळाला पाहिजे, हे त्या काळच्या भिक्खुसंघात गृहीत होते. ‘आता काही करण्यासारखे नाही, घरी घेऊन जा’ हे वाक्य त्या परंपरेत बसत नाही.

महावग्गाच्या चीवरक्खंधकातील प्रसंग सर्वांना परिचित आहे. अतिसाराने पीडित भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असताना भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. यानंतर त्याच ठिकाणी रोग्याचे आणि शुश्रूषा करणाऱ्याचे जे पाच-पाच गुण येतात, त्यांच्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. चांगल्या रोग्याने आपला आजार जसा आहे तसा सांगावा : वाढत असेल तर वाढतो आहे, उतरत असेल तर उतरतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे. आजचे वेदनातज्ज्ञ शून्य ते दहा या अंकांत वेदना किती, असे रोग्यालाच विचारतात आणि त्याच्या उत्तरावर मात्रा ठरवतात. रीत तीच आहे. आपल्या घरांत मात्र आजोबा ‘बरं आहे’ म्हणतात आणि उशीत तोंड खुपसतात.

त्याच यादीत शारीरिक दुःखवेदना सहन करण्याची क्षमता हाही एक गुण आहे. याचाच आधार घेऊन रोग्याला ‘सोसा’ असे सांगितले जाते. पण हा गुण रोग्याचा आहे. सोसण्याची आज्ञा करणे हा शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत कोठेही नाही. त्याने औषध तयार करण्यास समर्थ असावे, पथ्यापथ्य जाणावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रचित्ताने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस मानू नये आणि धम्मकथेने रोग्याला उल्हसित करावे, एवढेच तेथे आहे. ‘पूर्वजन्मीचे भोग आहेत’ असे म्हणणाऱ्यांनी संयुक्त निकायातील मोलियसीवक सुत्त पाहावे. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण, आघात अशी वेदनेची कारणे तेथे दिली असून कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक कारण आहे. सर्वच वेदना पूर्वकर्मामुळे होतात हे मत भगवंतांनी चुकीचे ठरवले आहे. पूज्य बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तच नाकारला. रोग्याच्या उशाशी बसून तो सिद्धान्त पुन्हा जिवंत करण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्न. पाचव्या शीलाचा निषेध मादक पदार्थ हे ‘पमादट्ठान’, म्हणजे प्रमादाचे स्थान, असल्यामुळे आहे. या निषेधाची औषधाशी गाठ पडली तेव्हा काय झाले, हे महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात नोंदलेले आहे. पिलिंदवच्छ थेरांना वातविकार झाला. वैद्यांनी तेल शिजवून देण्यास सांगितले आणि त्यात मद्य घालणे आवश्यक होते. भगवंतांनी अनुज्ञा दिली. काही भिक्खूंनी मद्य अधिक घातले आणि ते तेल पिऊन ते झिंगले. तेव्हा मद्याचा रंग, गंध आणि चव जाणवणार नाही इतकेच ते ज्यात असेल तेच तेल प्यावे, अधिक झाले असेल ते अंगास चोळण्यासाठी वापरावे, असा नियम झाला. झिंगण्याचे निमित्त झाले म्हणून औषध रद्द झाले नाही. हेतू आणि मात्रा तेवढी निश्चित झाली.

मॉर्फिनचेही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची जी शिडी सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर ते आहे. वेदना उसळण्याची वाट न पाहता ते घड्याळाप्रमाणे, सामान्यतः दर चार तासांनी, तोंडाने देतात आणि मात्रा हळूहळू ठरवतात. आरंभी येणारी गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून सोबत रेचक हवेच. शरीराला औषधाची सवय होते, त्यामुळे ते एकदम बंद करू नये. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे, आणि वैद्यकीय देखरेखीत अशा रोग्यांना व्यसन लागणे विरळा. ज्याची वेदना शमली तो शुद्धीत बोलतो, नातवाला ओळखतो, त्रिशरण म्हणतो. प्रमाद जर स्मृतीचा लोप असेल, तर तो असह्य वेदनेत अधिक होतो. आमच्या मते येथे शीलभंग होत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने हे औषध देशात दुर्मिळ झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने त्याची वाट सुकर केली. परवानगीने अफू पिकवणाऱ्या देशात त्याच अफूचे औषध रोग्याला मिळू नये, हा विरोधाभास मोठाच.

दुसरी सीमाही विनयात स्पष्ट आहे. तिसऱ्या पाराजिकेत आजारी भिक्खूपुढे करुणेने मरणाचे गुण गाणाऱ्या भिक्खूंची कथा आहे. तो भिक्खू मरण पावला आणि हेतू करुणेचा असूनही ते पाराजिक ठरले. उपशामक शुश्रूषा मरण लवकर आणत नाही आणि लांबवीतही नाही, अशी तिची व्याख्याच आहे. या दोन्ही गोष्टी येथे जुळतात.

सिसिली सॉन्डर्स यांनी ‘समग्र वेदना’ असा शब्दप्रयोग केला : शरीराची, मनाची, नात्यांची आणि जीवितार्थाची. पालीत ‘वेदना’ या शब्दात सुख, दुःख आणि अदुःखअसुख तिन्ही येतात, मराठीतल्याप्रमाणे केवळ दुखणे नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. अंगुत्तर निकायात नकुलमाता आजारी पतीला सांगते, की मागे राहणाऱ्यांच्या चिंतेने मरू नका. मी कापूस कातते, लोकर पिंजते, मुलांना पोसीन, घर चालवीन. कर्ज, मुलीचे लग्न, नोकरीच्या जागी भरावयाचे कागद यांनी झोप उडालेल्या रोग्याला आजही गोळीबरोबर असेच उत्तर हवे असते. केरळात शेजारपाजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक परिचारिकेबरोबर घरोघर जातात आणि औषधाइतकेच घरातल्या शिध्याकडे व मुलांच्या शाळेकडेही पाहतात. राज्य शासनाने २००८ मध्ये या कामाचे धोरणच जाहीर केले. विहार जेथे आहे तेथे वस्ती आहे, आणि वस्तीत कोण अंथरुणावर आहे हे विहारात येणाऱ्या महिला मंडळास ठाऊक असते.

राहता राहिली शुश्रूषा करणारी व्यक्ती. ती बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी असते. रात्री तीन वाजता तीच उठते आणि विचारपूस मात्र रोग्याची होते. चीवरक्खंधकात, भिक्खू मरण पावल्यावर त्याचे पात्र आणि चीवर संघाने शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे, असे सांगितले आहे. शुश्रूषा करणारा केवळ सामणेर असला तर काय, असा प्रश्न तेथेच पुढे आला. त्यालाही भिक्खूइतकाच वाटा द्यावा, असा निर्णय आहे.