आधी पुरावा, मग शिक्षा

गाणे रचणाऱ्याला आणि चित्रपट काढणाऱ्याला आपल्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी कामगार चळवळीतल्या माणसाला शंका असण्याचे कारण नाही. फुकट उतरवून घेतलेल्या गाण्यामागे कोणाची तरी बुडालेली मजुरी असते. प्रश्न तो नाही. ती मजुरी वसूल करताना ज्याची मानगूट आपण धरतो, तोच चोर आहे हे कशावरून, हा खरा प्रश्न आहे. २००९ साली फ्रान्समध्ये यावर मोठा वाद झाला. तो आपण समजून घेण्याजोगा आहे.

त्या वर्षी १२ व १३ मे रोजी फ्रेंच संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एक कायदा संमत केला. त्यान्वये ‘हादोपी’ नावाचे शासकीय मंडळ स्थापन व्हावयाचे होते. योजना अशी की, इंटरनेटवर लोक आपापसांत गाण्यांची व चित्रपटांची जी देवघेव करतात, तिच्यावर हक्कधारकांच्या संस्थांच्या शपथबद्ध माणसांनी नजर ठेवावी. तेथे प्रत्येक जोडणीचा एक क्रमांक दिसतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो क्रमांक मंडळाला कळवावा आणि मंडळाने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडून ग्राहकाचे नाव व पत्ता मागून घ्यावा. मग पहिली ताकीद. सहा महिन्यांत पुन्हा तसेच आढळल्यास दुसरी. आणि त्यानंतर वर्षभरात पुन्हा आढळल्यास दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत जोडणी बंद. त्या काळात दुसऱ्या कंपनीची जोडणी घ्यावयाची नाही, वर्गणी मात्र भरत राहावयाची! जोडणी तोडण्याचा हा निर्णय न्यायालयाने नव्हे, मंडळानेच घ्यावयाचा होता.

आता हा क्रमांक काय सांगतो, ते पाहा. चाळीच्या पाण्याचे मीटर मालकाच्या नावावर असते. पण रात्री नळ कोणी उघडा टाकला, हे मीटर सांगत नाही. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. तो जोडणी दाखवितो, माणूस दाखवीत नाही. घरातील मुलगा, आलेला पाहुणा, परवलीचा शब्द मिळविलेला शेजारी, यांपैकी कोणीही ती जोडणी वापरलेली असू शकते. तरीही आपण निर्दोष आहोत हे दाखविण्याचा भार कायद्याने ग्राहकावरच टाकला. आपल्याकडे कारखान्यात कामगाराला गैरवर्तनासाठी काढावयाचे झाले, तर आरोपपत्र द्यावे लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि आरोप शाबित करण्याचा भार मालकावर असतो. फ्रान्सच्या त्या ग्राहकाला शाबितीच्या भाराचे हे संरक्षण नव्हते.

विरोधी सभासदांनी हा कायदा घटना परिषदेपुढे नेला. १० जून २००९ रोजी परिषदेने १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन निर्णय दिला. विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात आज इंटरनेट वापरण्याचे स्वातंत्र्यही येते; ते हिरावण्याचा अधिकार शासकीय मंडळाला देता येणार नाही; आणि दोषी ठरेपर्यंत प्रत्येक मनुष्य निर्दोष मानला पाहिजे, असे तिने बजावले. जोडणी तोडण्याचा मंडळाचा अधिकार रद्द झाला.

तथापि समोरचे दार बंद झाले की मागच्या दाराने येण्याची कला सरकारांना अवगत असते. २८ ऑक्टोबर २००९ च्या दुसऱ्या कायद्याने जोडणी तोडण्याचे काम न्यायाधीशाकडे दिले. परंतु त्याबरोबरच आपल्या जोडणीची राखण न करणे हाच एक अपराध ठरला. सप्टेंबर २०१२ मध्ये या अपराधाखाली पहिली शिक्षा झाली. गाणी आपण उतरविली, असे पत्नीने कबूल केले. तरी जोडणी नवऱ्याच्या नावावर असल्याने १५० युरो दंड त्याला झाला. चोरी शाबित करता येत नसेल, तर निष्काळजीपणा शाबित करावा, असा हा मार्ग होता. जुलै २०१३ मध्ये या अपराधासाठी जोडणी तोडण्याची शिक्षा रद्द झाली. २०२२ च्या आरंभी हे मंडळ ‘आर्कोम’ या नव्या संस्थेत विलीन झाले, ताकिदी मात्र चालू राहिल्या.

खाजगीपणाचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. कोणी काय ऐकले व पाहिले याची नोंद नावाशी जोडली, की माणसाचे अंतरंग उघडे पडते. ३० एप्रिल २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने आयपी पत्त्यावरून नाव शोधण्यास परवानगी दिली, पण ती अटींवर: ही माहिती एकमेकींपासून अलग ठेवली पाहिजे आणि ठराविक टप्प्यावर स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या निकालाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे.

कलावंताची मजुरी अवश्य वसूल व्हावी. पण ती ज्याच्या नावावर बिल येते त्याच्याकडून नव्हे, तर ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे त्याच्याकडून. हा भेद आज गाण्यांच्या बाबतीत सोडून दिला, तर उद्या तो दुसऱ्या कोणत्याही आरोपात मागता येणार नाही.